२६ फुटी शिडाच्या बोटीवर यंत्रं किती? (नाशकातून विचारतोय)

सातपूरकर
रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या दोन मित्रांबरोबर एका जुन्या २६ फुटी फायबरच्या बोटीत माझा तिसरा हिस्सा आहे. बोट मुंबईत, मी सातपूरला. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर ताडपत्रीखाली उभी असते आणि नेमका तेव्हाच आम्हा तिघांना खर्चाचा उमाळा येतो. यंदा दोन लाख बाजूला काढलेत आणि त्यावरूनच जुंपली आहे.

बोटीची कुंडली: पाण्यातली लांबी २१ फूट, वजन २.३ टन, दोन्ही शिडं मिळून २६ चौरस मीटर, फिन कील (तळाखालचं जड पातं), टिलर (सुकाणूचा दांडा), छोटं डिझेल इंजिन आणि त्याला तीन पात्यांचा साधा पंखा. यंत्रं म्हणाल तर कंपास, व्हीएचएफ रेडिओ आणि लहर आली तर चालणारा डेप्थ साउंडर (पाण्याची खोली मोजणारा). मेनसेल, म्हणजे मोठं शीड, आधीच्या मालकालाही जुनंच मिळालं होतं.

एका मित्राला हवाय नऊ इंची प्लॉटर (नकाशाची स्क्रीन), डोलकाठीच्या टोकाला वाऱ्याचा सेन्सर, पाण्यातला वेग मोजणारा लॉग, एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र), टिलर पायलट (टिलर आपोआप धरणारा) आणि हे सगळं पोसायला लिथियम बॅटरी. दुसरा म्हणतो सगळे पैसे शिडांना. मी प्लांट ऑटोमेशनमधला, त्यामुळे दोघांनीही गृहीत धरलंय की माझं मत पहिल्याच्या पारड्यात पडणार.

हंगामात बेत मुरूड-जंजिऱ्याचा, जमलं तर रत्नागिरी. यातलं कशाने बोट खरंच बरी चालेल आणि काय नुसतं बघायला छान?


शंकेखोर
रविवार, सकाळी १०:०५

नाशकात समुद्र कधी आला? सिंहस्थाच्या कामांत कसारा घाट खणून आणताहेत का?


गोदाकाठची
रविवार, सकाळी १०:३१

शंकेखोर, चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवून आला आणि २०१८ च्या एशियाडला सांघिक सुवर्ण घेऊन आला. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर लागतो तिथला माणूस. तेव्हा समुद्राचं राहू द्या.

सातपूरकर, मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतेय. लिहा.


मतलई
रविवार, दुपारी १२:१५

आकडे दिलेत ते बरं केलंत. लोक नुसतं 'आमची बोट पळते' म्हणतात आणि पुढे काही विचारलं की विषय बदलतात.

पाण्यातली लांबी २१ फूट, तिचं वर्गमूळ ४.५८. त्याला १.३४ ने गुणा, ६.१ नॉट (तासाला सागरी मैल) येतात. ही तुमच्या बोटीची वरची हद्द, ताशी सव्वाअकरा किलोमीटर. कॉलेज रोडवरून सायकलने निघालेला माणूस सोमेश्वरला तुमच्या आधी पोचेल. कारण सोपं आहे. बोट चालताना नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) लाट उठवते. वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते आणि तिची लांबी बोटीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. तिथून पुढचा अर्धा नॉट काढायला अवाच्या सवा जोर लागतो. दोन लाख काय, दहा लाखांची यंत्रं लावलीत तरी हे बदलत नाही.

म्हणून वरच्या वेगाच्या नादी लागू नका. तुमचा वेळ खाल्ला जातो हलक्या वाऱ्यात. सात-आठ नॉटचा वारा आहे, बोट चारने जायला हवी आणि जातेय तीनने. तिथे तीन गोष्टी बघायच्या. तळाला शेवाळ आणि शिंपले किती चिकटलेत, पंखा किती पाणी अडवतो आणि शिडाचा आकार उरलाय की त्याची चादर झाली आहे. मुंबई बंदराच्या कोमट पाण्यात अँटिफाउलिंग (शेवाळ चिकटू न देणारा) रंग उतरलेल्या तळाने एक नॉट सहज जातो. तीन पात्यांचा फिक्स पंखा अर्धा नॉट तरी घेतोच.

मी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता इंदिरानगरला निवृत्त. यंत्रांशी माझं वैर नाही, उलट त्यांच्यावरच पोट भरलं. पण आधी तळ खरवडा, मग बोलू.


खडकवासला
रविवार, दुपारी १:०२

काकांशी सहमत, फक्त शिडांचा मुद्दा आकड्यात मांडतो. आम्ही डिंगीवाले (छोट्या उघड्या बोटींचे), आमच्याकडे बॅटरी नसते, त्यामुळे सगळा जीव शिडात.

वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही, टॅक मारत नागमोडी जावं लागतं. बरं शीड असलेली क्रूझिंग बोट वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन धरते. वेग ५ नॉट धरला तर वाऱ्याच्या दिशेने प्रत्यक्ष प्रगती साडेतीन नॉट. पोट सुटलेलं जुनं मेनसेल घेऊन तीच बोट ५५ अंशांवर येते. वेग तोच ५ दिसेल, पण प्रगती २.९ नॉटच्याही आत. २० सागरी मैल वाऱ्यावर चढायचे असतील तर एकाला पावणेसहा तास लागतात, दुसऱ्याला सात. आणि दोघांच्याही स्क्रीनवर आकडा ५.०!

तुमचं शीड आणि वजन यांचं गुणोत्तर काढलं, साधारण १५ येतं. १६ ते १८ म्हणजे सर्वसाधारण क्रूझर, २० च्या पुढे रेसिंगकडे झुकणारी. तुमची बोट स्वभावाने सुस्तच आहे, तिच्या अंगावर जुनं शीड आणखी जाणवणार.


सातपूरकर
रविवार, दुपारी २:२०

सुस्त! तिन्ही हिस्सेदारांसारखीच. :)

पण खडकवासला, तुमच्याच हिशेबातून माझा मुद्दा निघतो ना? ४५ आहे की ५५ हे मला कळणार कसं? त्यासाठीच वाऱ्याचा सेन्सर आणि लॉग लागतो.


बिनतारी
रविवार, दुपारी ४:४८

इथे जरा थांबा, कारण ही बाब दुकानात कोणी सांगत नाही.

डोलकाठीवरचा सेन्सर मोजतो तो भासमान वारा, म्हणजे खरा वारा आणि बोटीच्या चालण्याने तयार होणारा वारा यांची बेरीज. खरा वारा कोणी मोजत नाही, तो यंत्र हिशेबाने काढतं. त्या हिशेबात बोटीचा पाण्यातला वेग लागतो आणि तो येतो तळाखालच्या दोनेक इंची चाकावरून. त्या चाकात शेवाळाचा एक धागा अडकला की चाक मंद फिरतं.

आता उदाहरण करून बघा. भासमान वारा १५ नॉट, ३० अंशांवर. बोट खरी ६ ने जातेय. यंत्राने सांगायला हवं: खरा वारा सव्वादहा नॉट, ४७ अंशांवर. पण चाक मळलंय, ते ४.५ दाखवतंय. मग यंत्र म्हणतं: खरा वारा ११.३, ४१ अंशांवर. म्हणजे चाक घाण झालं आणि यंत्राने तुमची पाठ थोपटली, 'वा, काय कोन धरलाय बोटीने'. मालक खूष. वाऱ्यावर चालणारा ऑटोपायलट याच आकड्यावर बोट हाकतो.

सगळ्या महागड्या स्क्रीन शेवटी त्या चाकाच्या भरवशावर. लॉग घेणार असाल तर आतून काढता येणारा घ्या आणि बोटीवर पाय ठेवल्यावर तो उपसून बुरुशाने घासायची सवय लावा. काढताना भोकातून पाण्याचं कारंजं उडतं, त्याचं बूच हाताशी हवं. नवख्याची भंबेरी उडते, पण बादलीभराच्या वर पाणी येत नाही.


गोदाकाठची
रविवार, संध्याकाळी ५:१०

मग मोबाइलचा जीपीएस का नको? वेग तर तोही दाखवतो.


बिनतारी
रविवार, संध्याकाळी ५:३५

चांगला प्रश्न. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणीच दोन नॉटने सरकत असतं. बोट पाण्यात ५ ने जात असेल तर भरतीबरोबर जीपीएस ७ म्हणेल, विरुद्ध गेलात की ३. शिडं नीट लावली का हे त्यावरून कळणार नाही. दोन्ही आकडे हवेत. त्यांची वजाबाकी म्हणजे प्रवाह.

उलट आपलं गंगापूर धरण यासाठी झकास. तिथे भरती नाही, ओहोटी नाही. जीपीएसचा वेग आणि पाण्यातला वेग एकच. सातपूरकरांनी लॉगचं चाक एखाद्या डिंगीच्या मागे बांधून धरणावर जुळवून घ्यावं, मग मुंबईला न्यावं.


मतलई
रविवार, रात्री ८:५०

कल्पना चांगली, पण अर्धीच चालेल. चाकाभोवती पाणी किती वेगाने वाहतं हे ते तळावर कुठे बसवलंय आणि तळाचा आकार कसा आहे यावर ठरतं. डिंगीच्या मागे जुळवलेला गुणक २६ फुटी बोटीच्या पोटाखाली लागू होत नाही. धरणावर फार तर वायरिंग, डिस्प्ले आणि सेन्सर जिवंत आहेत एवढं तपासता येईल. शिवाय शहराचं पिण्याचं पाणी तिथलं, तेव्हा जलसंपदा खात्याची परवानगी घेतल्याशिवाय स्वतःची डिंगी उतरवायला जाऊ नका.

खरं जुळवणं बोटीवरच. वारा पडलेला असताना इंजिनवर, एकाच गतीने, एकाच रेषेवर एकदा प्रवाहाबरोबर आणि लगेच एकदा विरुद्ध जायचं. जीपीएसच्या दोन वेगांची सरासरी काढायची. सगळे इथे फसतात: एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं नाही. ७ आणि ३ ची सरासरी ५, ते बरोबर. पण एक मैल ७ ने आणि एक मैल ३ ने जाऊन एकूण वेळेने भागलंत तर ४.२ येतात, कारण उलट्या प्रवाहात तुम्ही जास्त वेळ घालवलात. मोठ्या जहाजांच्या चाचण्यांतही वेगांचीच सरासरी धरतात.

आणखी एक, गंगापूरला शिडाचं वागणं बघून समुद्राचा अंदाज बांधू नका. आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत, हवा समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. त्याच वाऱ्याचा जोर तेवढा कमी. पाणी गोडं, म्हणून बोट किंचित जास्त बुडते. आणि डोंगरांमुळे वारा हिसके देत येतो.


शंकेखोर
रविवार, रात्री ९:१५

नाशिकची हवा विरळ आहे हे ऐकून ऊर भरून आला.


बिनतारी
सोमवार, सकाळी ७:५०

मतलई काका, मान्य. गुणक बोटीवरच काढायचा.

आता विजेकडे येतो. प्लॉटर सव्वा अँपिअर, वाऱ्याचे-खोलीचे डिस्प्ले मिळून पाव ते अर्धा, व्हीएचएफ नुसता ऐकत असेल तर अर्ध्याच्या आत (बोललात की पाच-सहा), एआयएस पाव, एलईडी दिवे पाव. सगळे धरून सव्वादोन-अडीच अँपिअर. चोवीस तास चालवलेत तर साठ अँपिअर-तास गेले. आणि यात टिलर पायलट आलाच नाही. फ्रिज तर नकोच, तो एकटा चाळीस-पन्नास खातो.

१०० वॅटच्या सोलर पॅनलवर भरवसा ठेवणाऱ्यांनी बूमच्या (मेनसेलखालच्या आडव्या काठीच्या) सावलीकडे बघावं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी उत्पादन निम्म्याच्या खाली येतं. बोटीवर आडव्या टाकलेल्या १०० वॅटमधून दिवसाला वीस-पंचवीस अँपिअर-तास मिळाले तरी देवाला नारळ फोडा.

लिथियम (एलएफपी) चांगली, वाद नाही. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, ही ऐंशी टक्के वापरता येते, वजनही निम्म्याहून कमी. पण ती थेट इंजिनच्या अल्टरनेटरला जोडू नका. लेड-ॲसिड भरत आली की हळूहळू करंट कमी घेते. लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढते. छोट्या डिझेलचा अल्टरनेटर तापून मरतो. आणि भर प्रवासात बीएमएसने (बॅटरीच्या रक्षक सर्किटने) बॅटरी तोडली तर व्होल्टेज एकदम उसळून त्याचे डायोड उडतात. मध्ये डीसी-डीसी चार्जर टाका, वीस-तीस अँपिअरचा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. परदेशी व्हिडिओत शून्य अंशाखाली चार्ज करू नका म्हणून घसा कोरडा करतात. आपल्याकडे काळजी उलटी, मे महिन्यातल्या बंद लॉकरची.


मतलई
सोमवार, सकाळी ९:२५

बिनतारींनी टिलर पायलट बाजूला ठेवला, पण सातपूरकरांच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे.

वारा १० वरून १५ नॉट झाला तर शिडावरचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. बोट कलते. वीस-पंचवीस अंशांच्या पुढे कलली की ती वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते आणि सरळ ठेवायला टिलर ओढून धरावा लागतो. सुकाणू दहा-बारा अंश आडवं झालं म्हणजे तो पाण्यातला ब्रेकच. माणूस दमतो, पण टिलर पायलट तक्रार न करता ढकलत राहतो. त्याची मोटर क्षणभर थांबत नाही. जो अर्ध्या-पाऊण अँपिअरवर निभावतो तो दोनवर जातो.

अशा वेळी मेनसेल एक रीफ कमी केलं (गुंडाळून लहान केलं) की बोट उभी राहते, सुकाणू सरळ होतं आणि वेग बहुतेकदा वाढतो. पायलटही गप्प बसतो. म्हणजे तुम्ही शिडाला हात लावलात आणि बॅटरी वाचली. जुन्या पोट सुटलेल्या मेनसेलचं दुखणं हेच की ते रीफ करूनही सपाट होत नाही, सगळा जोर आडवा लावतं. तुमचे दोन मित्र ज्या दोन गोष्टींवर भांडताहेत त्यांचा हिशेब एकाच वहीत आहे.

पायलट बोटीच्या कागदावरच्या वजनावर घेऊ नका. पाणी, डिझेल, नांगराची साखळी, माणसं, डबे धरून २.३ चे पावणेतीन टन होतात. ज्याची मर्यादा ३ टन आहे तो लाटांत कायम घायकुतीला येईल, एक घर वरचा घ्या. आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक कंपास स्पीकरजवळ लावू नका. एका बोटीवर केबिनच्या भिंतीपलीकडे ब्लूटूथ स्पीकर ठेवला होता. गाणी सुरू असली की बोट वीस अंश डावीकडे जायची, आणि मंडळी प्रवाहाला शिव्या घालत होती. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाच्याही आत आहे, त्यामुळे कंपास एवढा चुकला तर कारण बोटीवरच शोधायचं.


सातपूरकर
सोमवार, दुपारी १:१०

काका, हे 'एकाच वहीत' पटलं. मित्रांना पाठवतो.

माझ्या क्षेत्रातलं एक विचारतो. सध्याची बोटीवरची यंत्रं एनएमईए २००० या सागरी यंत्रांच्या जाळ्यावर बोलतात. मी पाहिलं तर ती कॅन बस आहे, २५० केबीपीएस, आणि कनेक्टर तोच पाच पिनांचा एम१२, जो आम्ही डिव्हाइसनेटला, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांच्या जाळ्याला, वापरतो. अंबडच्या दुकानात तशी केबल मिळते. बोटीचं नाव लागलेली केबल कितीतरी महाग. चालेल ना?


बिनतारी
सोमवार, दुपारी १:५५

डिव्हाइसनेटचीच असेल तर चालते, रंगसुद्धा तेच: लाल-काळी वीज, पांढरी-निळी सिग्नल, वर शील्ड. पण अंबडमध्ये नुसतं 'एम१२ पाच पिन' मागितलंत तर सेन्सरची केबल देतील, तपकिरी-पांढरी-निळी-काळी-करडी. तिच्यात जोड्या पिळलेल्या नसतात आणि शील्डही नसतं. बाहेरून हुबेहूब तशीच दिसते.

एक सरळ मुख्य केबल, तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (रोधक). प्रत्येक यंत्र टी लावून, फाटा सहा मीटरच्या आत. वीज बंद करून पांढरी आणि निळी यांच्यात मल्टिमीटर लावा. ६० ओहम आले तर सगळं ठीक. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे. ४० आले तर कोणीतरी हौसेने तिसरा लावलाय. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.


मतलई
सोमवार, दुपारी ३:३०

घरातली वायर वापरू नका एवढं जोडतो. खाऱ्या हवेत साधं तांबं इन्सुलेशनच्या आतल्या आत काळं पडत जातं. कलई केलेली मरीन वायर घ्या, क्रिम्प करा, वर गोंदवाली हीट श्रिंक. जाडीही बघा: १० मीटरवरच्या ५ अँपिअरच्या उपकरणाला २.५ चौ. मिमी वायर टाकली तर जाऊन-येऊन पाऊण व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. १२ मधून पाऊण! ६ चौ. मिमी टाकलीत तर पाव व्होल्टच्या जरा वर. पायलट 'लो बॅटरी' म्हणत बंद पडतो आणि लोक नवी बॅटरी आणतात.


तांडेलाची_लेक
सोमवार, रात्री १०:२०

माहेर अलिबागकडचं, सासर पंचवटी. बाबा आणि दोन्ही भाऊ मासेमारीत. इतका वेळ वाचत होते. सगळं बरोबर आहे, पण रात्री तुम्हाला अडवणार ते वेगळंच.

डोल जाळ्यांचे (प्रवाहात खुंटांना बांधलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि जाळ्यांचे बोये कुठल्याही प्लॉटरवर दिसत नाहीत. कितीतरी होड्यांवर एआयएस नसतो. दिवा असतो, तोही कधी मोबाइलचा. तुमच्या स्क्रीनवर समुद्र रिकामा दिसेल आणि समोर अख्खी जाळी असेल. पंख्यात जाळं अडकलं तर तुमची बोट गेली कामातून, आणि आमच्या माणसाचं हजारोंचं नुकसान. जाळं कापू नका आधी, हाक मारा, आसपास कोणीतरी असतंच.

खांदेरी-उंदेरी बेटांच्या आतून जायचा मोह करू नका, बाहेरून जा. पहाटे मतलई वाऱ्यावर निघा, किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो, समुद्र सपाट असतो. दुपारी वारा फिरून वायव्येकडून येतो, मुरूडला जाताना तो पाठीशी मिळतो. परतताना तोच तोंडावर, तेव्हा वर ते ४५ आणि ५५ म्हणालात ते कामाला येईल. आमच्या बाबांना अंश-बिंश माहीत नाहीत, पण जुनं शीड घेऊन परतीला निघत नसत हे खरं.


सातपूरकर
मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, हे सोन्यासारखं. एआयएस मग नकोच का?


तांडेलाची_लेक
मंगळवार, सकाळी ८:४०

असं नाही म्हणत, दादा. आमच्या होड्यांसाठी डोळे, मोठ्या जहाजांसाठी एआयएस. मुंबईच्या तोंडाशी कंटेनरवाली येतात ना, ती आमच्या भावांनाही दिसत नाहीत लवकर.


मतलई
मंगळवार, सकाळी ११:००

बरोबर. १८ नॉटने येणारं जहाज सहा मैलांवरून तुमच्यापर्यंत वीस मिनिटांत पोचतं. चहा टाकून प्यायला तेवढा वेळ जातो. नुसता रिसीव्हरसुद्धा खूप कामाचा. स्वतः प्रक्षेपण करायचं तर क्लास बी (छोट्या बोटींचा प्रकार), दोन किंवा पाच वॅट, त्याला एमएमएसआय (रेडिओवरचा ओळख) क्रमांक आणि परवाने रीतसर काढा. व्हीएचएफचा अँटेना डोलकाठीच्या टोकाला न्या. १० मीटर उंचीवरून क्षितिज सात मैलांचं, हातातल्या सेटवरून तीनचं.

उपग्रहावरची खेळणी मात्र परवानगीशिवाय आणू नका. थुराया, इरिडियमचे उपग्रह फोन आपल्याकडे परवान्याशिवाय बेकायदा आहेत. खिशातलं गार्मिन इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) सापडलं म्हणून विमानतळावर परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या बातम्या वाचल्या असतील.


खडकवासला
मंगळवार, दुपारी १२:३०

यंत्रांशिवायही माणसं जग फिरतात हो. अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये ३६ फुटी 'बायानात' घेऊन दुसरे आले. जीपीएस नाही, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायचं साधन). नियमच तसा. आणि १९६९ मध्ये सर्वप्रथम एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' तर मुंबईतच सागवानात बांधलेली, ३२ फुटी.


बिनतारी
मंगळवार, दुपारी १२:५५

हो, आणि सुहैलीचं वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू वाटेत मोडलं, पुढे शिडांचा तोल साधून ती आपली आपण चालली. म्हणून टिलर पायलट घेतलात तरी एक रबरी दोरी आणि शीट (शिडाची दोरी) टिलरला बांधून बोट चालवायला शिका. पायलटमध्ये पाणी शिरतं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

पण 'यंत्रांशिवाय' हे मला जरा रोमँटिक वाटतं. दिलीप दोंदे 'म्हादेई'वरून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले तेव्हा बोटीवर यंत्रं होती आणि त्याने त्यांचं कर्तृत्व कणभर कमी होत नाही. आठवड्याची सुट्टी काढून जाणाऱ्या तीन हिस्सेदारांनी सेक्स्टंट घेऊन मुरूड शोधू नये.


गोदाकाठची
मंगळवार, दुपारी २:१५

मला आता बोटीबद्दल माझ्या स्कूटरपेक्षा जास्त माहिती झाली आहे. सातपूरकर, निकाल सांगा.


सातपूरकर
बुधवार, रात्री ९:३०

तर असं ठरतंय. तळ खरवडून नवा अँटिफाउलिंग आणि नवं मेनसेल दोन खोल रीफांसह, यात मोठा वाटा जाईल. जिब (पुढचं शीड) यंदा जुनंच. एक घर वरचा टिलर पायलट. काढता येणारा लॉग आणि चालणारा डेप्थ साउंडर. एआयएस रिसीव्हर, आणि नकाशाला माझ्याकडे पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ओपनसीपीएन हे नकाशाचं सॉफ्टवेअर, केबिनच्या आत. बाहेर वॉटरप्रूफ पिशवीत मोबाइल. वायरिंग मी करणार, कलईवाल्या वायरनेच. बॅटरी अजून एक हंगाम लेड-ॲसिड, कारण नवा हिशेब तीस-पस्तीस अँपिअर-तासांत बसतो आणि तेवढ्याला १०० ची पुरते. वाऱ्याचा सेन्सर रद्द, त्याऐवजी डोलकाठीवर साधी वाऱ्याची दिशा दाखवणारी काडी आणि शिडावर लोकरीचे धागे.

फोल्डिंग पंखा पैशात बसला नाही. खडकवासला, त्यावर काही उपाय?


खडकवासला
बुधवार, रात्री ९:५०

शिडावर असताना पंखा गिअरमध्ये अडकवायचा की मोकळा फिरू द्यायचा यावर लोक पिढ्यान् पिढ्या भांडताहेत. मोकळा फिरला तर बहुधा ओढ कमी. पण तुमच्या गिअरबॉक्सला इंजिन बंद असताना फिरणं चालतं का, ते तिच्या पुस्तकात बघा. काहींत तेल इंजिन चालू असतानाच फिरतं.


मतलई
बुधवार, रात्री १०:१०

पायलटची वायर ६ चौ. मिमी, विसरू नका. आणि रास्पबेरी पायला वीज देताना चांगला १२ ते ५ व्होल्ट कन्व्हर्टर घ्या. गाडीतला शंभर रुपयांचा चार्जर व्हीएचएफमध्ये अशी खरखर आणतो की चॅनल १६ (संकटाच्या हाकेचा) वर कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. व्हीएचएफचा आवाज बारीक करून चार्जर लावून-काढून बघा, लगेच कळेल.


सातपूरकर
गुरुवार, सकाळी ८:०५

नोंद केली, काका. पहिल्या मित्राला धाग्याची लिंक पाठवली होती. रात्री त्याचा मेसेज आला: 'प्लॉटर नसेल तर मी माझा हिस्सा विकतो.'


शंकेखोर
गुरुवार, सकाळी ८:०९

कितीला म्हणतोय?